कोपीतल्या लेकरांचे ताट



गळीत हंगाम आला की बीड, जालना, परभणीकडून तोडणीच्या टोळ्या येतात. ट्रॅक्टरवर संसार आणि संसारावर बसलेली लेकरे. ऊस वेळेत तुटावा, वजन घटू नये, ही काळजी आपण सारेच करतो. त्या लेकरांच्या दुपारच्या घासाची काळजी कोणी करायची, हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

गावी असताना हे मूल शाळेतली खिचडी खाते. 1995 साली योजना सुरू झाली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. आणि 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांचा तो हक्कच झाला. मूल मीरा-भाईंदरच्या महापालिका शाळेतले असो की गेवराईच्या जिल्हा परिषद शाळेतले, हक्क एकच. परंतु ताट शाळेत मांडले जाते, अन् शाळा राहते मागे गावात.

ज्यांचे आजी-आजोबा धडधाकट आहेत, त्यांनी मुलांना हंगामी वसतिगृहाच्या आधारे गावीच ठेवावे, हे उत्तम. पण जी मुले येतात, त्यांचे काय? आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात. थोरली पोर कोपीपाशी धाकट्याला सांभाळत बसते. म्हणजे धाकट्याची सोय झाल्याशिवाय थोरलीला शाळा नाही आणि शाळेशिवाय जेवण नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, टोळीची नोंद करतानाच शेती खात्याने मुलांची नावे व वये लिहून घ्यावीत. पहिल्याच आठवड्यात ती यादी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे आणि सहा वर्षांखालच्यांची अंगणवाडीकडे द्यावी. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. कोप्या लांब असतील तर कारखान्याने गाडी द्यावी.

कोणी म्हणेल, "हे सरकारचं काम, आपल्या डोक्यावर कशाला?" अहो, धान्य सरकारचेच आहे. आपण द्यायची ती मोजदाद आणि गाडी. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. तेवढे दिवस वाढत्या वयाचे पोर अर्धपोटी राहिले, तर पुढे ते भरून निघत नाही.

आपल्या उसाला चांगला भाव मिळावा म्हणून आपण भांडतो, ते रास्तच आहे. त्याच उसावर कोयता चालवणाऱ्याचे लेकरू उपाशी राहू नये, हाही सहकारच. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर मांडावा, ही विनंती.