मूल चालू लागते, ते कशामुळे?

नवजात अर्भकाला काखांत धरून उभे केले व त्याचे तळवे एखाद्या सपाट पृष्ठावर टेकविले, तर ते आळीपाळीने पाय उचलते. जणू चालूच लागले आहे. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास ही हालचाल दिसेनाशी होते आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा प्रकट होते. मग मधल्या काळात ती जाते कोठे?

पूर्वीचे शास्त्रज्ञ म्हणत, मेंदू परिपक्व होऊ लागला की तो ही प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो आणि पुढे पायांना स्वतःच्या आज्ञेने चालवितो. म्हणजे मेंदू धनी आणि शरीर चाकर!

एस्थर थेलन या अमेरिकन संशोधिकेला हे पटेना. उताणे निजलेले मूल त्या महिन्यांतही तशीच पावले हवेत मारीत असते. मग मेंदूने दाबले ते काय? थेलन व त्यांचे सहकारी यांचे प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाले. अर्भकांच्या पायांना लहान वजने बांधताच पावले कमी झाली. पाय पाण्यात बुडवून धरताच ती वाढली. पहिल्या महिन्यांत पायांवर चरबी झपाट्याने चढते, स्नायूंचे बळ मात्र मागे राहते. पाऊल हरवले नव्हते. ते जड झाले होते.

यावरून दिसते की चालणे हे मेंदू, स्नायू, शरीराचा भार, पायाखालची भूमी आणि मिळालेला सराव या सर्वांच्या मेळातून घडते. विकासाकडे पाहण्याच्या या रीतीस प्रणाली-दृष्टी म्हणता येईल. तीत मेंदूचे महत्त्व नाकारलेले नाही. त्याचे एकाधिपत्य तेवढे नाकारले आहे.

आपल्या घरांत व शाळांत मात्र अजून एकाच कारणाचा शोध चालतो. मूल मागे राहिले, की कोणी ‘बुद्धीच मंद’ म्हणतो, कोणी आईला बोल लावतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील बालकांची पाहणी करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत निरोगी मुले सुमारे ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही आधाराविना चालू लागतात, असे आढळले. ही मर्यादा ओलांडली तर वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु तिच्या आत शेजारच्या मुलाशी तुलना करून आपल्या मुलावर शिक्का मारणे अशास्त्रीय आहे. वाचन असो वा गणित, अडलेल्या मुलाविषयी शिक्षकाने प्रथम विचारावे: याच्या पायांवर कोणता भार आहे, आणि तो हलका करणारे पाणी आपण कोठून आणू?