लाल दिव्यापुढची सायकल

फ्रान्समधील अनेक चौकांत सिग्नलच्या खांबावर, दिव्यांच्या खाली, एक लहानशी त्रिकोणी पाटी दिसते. तीवर सायकलीचे चित्र आणि उजवीकडे वळणारा बाण असतो. दिवा लाल असला तरी सायकलस्वाराने उजवीकडे वळावयास हरकत नाही; मात्र पादचाऱ्यांना आणि ज्यांना हिरवा दिवा मिळाला आहे अशा वाहनांना त्याने आधी वाट दिली पाहिजे, असा तिचा अर्थ. (तेथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या अंगाने चालते, तेव्हा हे वळण म्हणजे आपल्याकडील डावे वळण होय.) २०१० साली शासनाने या सवलतीला कायद्यात स्थान दिले, २०१५ मध्ये ती सरळ जाण्याच्या दिशेलाही देता येईल अशी तरतूद केली, आणि त्याच वर्षी पॅरिस शहराने तिचा मोठ्या प्रमाणावर अवलंब सुरू केला.

विषय क्षुल्लक वाटेल. पण या पाटीवर घेतला जाणारा आक्षेप क्षुल्लक नाही. कायदा सर्वांना सारखा असावा. मोटारवाला थांबतो तर सायकलवाल्याने का थांबू नये? समतेच्या नावाने केलेला हा युक्तिवाद आपल्या कार्यकर्त्यांनाही प्रथमदर्शनी पटण्याचा संभव आहे. आम्हांला तो मान्य नाही. विषमांना एकच नियम लावला म्हणजे समता प्रस्थापित होत नाही, हे आपण करांच्या बाबतीत केव्हाच मान्य केले आहे. रस्ताही त्याला अपवाद असण्याचे कारण नाही.

थांबण्याचीही किंमत असते; ती कोण भरतो ते पाहावे. मोटारवाला ब्रेक दाबतो, पुन्हा पाय टेकवतो. खर्च होते ते इंधन. सायकलस्वाराने कमावलेली गती त्याच्या स्नायूंची कमाई असते. लाल दिव्यापाशी ती शून्यावर येते आणि पुढे तीच मजुरी त्याला पुन्हा करावी लागते. दिवसभर शहरात घरोघर जेवणाचे डबे पोचविणाऱ्या, फेऱ्यांच्या संख्येवर पोट भरणाऱ्या कामगाराला विचारा. प्रत्येक चौक त्याच्या मजुरीतून आणि दमातून काही कापून घेत असतो. शिवाय अवजड मालमोटारीच्या शेजारी, चालकाच्या नजरेआड, दिवा बदलण्याची वाट पाहत उभे राहणे हेच सायकलस्वाराला घातक ठरू शकते. मालमोटार वळली की तो चिरडला जातो. तिच्या आधी वळून निघून जाण्याची मुभा ही केवळ सोयीची बाब नव्हे.

हीच सवलत मोटारींना दिली तर काय होते, याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल वाचविण्याची निकड भासू लागली. १९७५ च्या ऊर्जा कायद्यान्वये संघ सरकारची ऊर्जाबचतीची मदत हवी असलेल्या राज्यांना, लाल दिव्यावर मोटारींना उजवे वळण घेऊ देण्याची अट घालण्यात आली. काही वर्षांतच झालेल्या पाहण्यांत असे आढळले की, अशा वळणांवर पादचारी व सायकलस्वार यांचे अपघात वाढले. न्यूयॉर्क शहराने मात्र सर्वसाधारणपणे ही मुभा नाकारलीच. पेट्रोलची बचत झाली असेलही; तिची किंमत पायी चालणाऱ्याने चुकविली. एक टनाचे यंत्र आणि माणसासह शंभर किलोही न भरणारी सायकल यांना एकच परवाना देणे म्हणजे बलिष्ठाला दुसऱ्यांदा बळ देणे होय.

जर्मनीचे उदाहरण आणखी बोधप्रद आहे. पूर्व जर्मनीने १९७८ मध्ये सर्वच वाहनांसाठी हिरव्या बाणाची पाटी लावली. एकीकरणानंतर त्या राज्यातील फारच थोड्या गोष्टी टिकल्या, त्यांत ही एक टिकली आणि १९९४ मध्ये देशभराच्या नियमांत आली. केवळ सायकलींसाठीचा बाण मात्र २०२० मध्ये आला. तोही पूर्णपणे थांबून मगच वळण्याच्या अटीसह! सायकलस्वाराला थांबवायचेच असेल तर निम्मी सवलत परत घेतल्यासारखेच आहे. या बाबतीत वेग कमी करून वाट देण्याचा फ्रेंच नियम आम्हांला अधिक समंजस वाटतो.

पण त्याचीही एक बाजू झाकून ठेवता येणार नाही. रस्ता ओलांडणाऱ्या अंध माणसाला सायकल ऐकू येत नाही. वृद्ध स्त्रीला ती अंगाला चाटून गेली तरी धडकी भरते. मोटारीपुढे दुर्बल असलेला सायकलस्वार पादचाऱ्यापुढे बलवानच असतो. म्हणून ही मुभा चौकाचौकाचा विचार करून द्यावी, सरसकट देऊ नये; शाळा, रुग्णालये आणि अरुंद पदपथ असलेली वळणे तीतून वगळावीत. पाटी लावणे स्वस्त असते, आणि स्वस्त सुधारणा करून वेगळ्या सायकलमार्गाचा खर्च टाळण्याचा मोह नगरपालिकांना होतो, याकडेही डोळेझाक करू नये.

आपल्या शहरांत याच्या नेमके उलट चालते. अनेक चौकांत डावे वळण सदैव मोकळे ठेवलेले असते. पण ते मोटारींसाठी. त्या कोपऱ्यावर पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडण्याची हक्काची घटका कधी येतच नाही, आणि सरळ जाणारा सायकलस्वार डावीकडे वळणाऱ्या मोटारींच्या लोंढ्यात सापडतो. महानगरपालिकांच्या निवडणुकांत रस्तारुंदीच्या आश्वासनांची खैरात होते. आपल्या शाखांनी आपापल्या वॉर्डांतील असे कोपरे हिंडून पाहावेत, त्यांची यादी करावी, आणि तेथील मोकळे डावे वळण मोटारींना बंद करून सायकलींपुरते ठेवावे, अशी मागणी लेखी करावी.