खायचे दात

दिवाळी अंकात दातांवर लेख म्हटल्यावर तुम्हाला कडक झालेला लाडू आठवला असेल. पण यंदा आपल्या सदराचा विषय जरा जुने दात आहेत, चाळीस-पन्नास हजार वर्षांपूर्वीचे. ‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे’ ही म्हण आपण माणसांना लावतो. हिमयुगाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हत्तीचे आणि मॅमथचे खायचे दातच फार उपयोगी पडतात. सुळ्यांचा रुबाब मोठा, पण तो प्राणी काय खात होता हे दाढाच सांगतात.

आपल्या झूटरमेरहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, डेन हागच्या दक्षिणेला, काइकडाउन आणि टेर हायडे यांच्या मध्ये ‘झांडमोटर’ नावाचा वाळूचा विस्तीर्ण पट्टा आहे. किनारा खचू नये म्हणून 2011 मध्ये समुद्रतळातून सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू उपसून तो तयार केला. वारा आणि लाटा ती वाळू हळूहळू किनाऱ्यावर पसरवतात. पण त्या वाळूबरोबर आणखीही काही वर आलं: मॅमथ, लोकरी गेंडा, रानगवा, रेनडिअर यांची हाडं आणि दात. म्हणून ओहोटीच्या वेळी तिथे माना खाली घालून चालणारी माणसं हमखास दिसतात.

अशाच एका डच आजोबांनी मागच्या वर्षी आमच्या मुलांना पिशवीतून मॅमथची दाढ काढून दाखवली. मुलांना ती बुटाचा तळ वाटली. मला मात्र आजीचा पाटा आठवला. वर एकाला एक लागून आडव्या कडा, मध्ये खोलगट पट्ट्या. जातं किंवा पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते, हे आपल्या आई-आजींना माहीत आहे. मॅमथच्या दाढेला ही टाकी आपोआप लागत राहते. कठीण इनॅमलच्या चकत्या आणि त्यांच्यामधला मऊ भाग एकाच वेळी झिजत नाहीत. मऊ भाग लवकर झिजतो, इनॅमलच्या कडा वर राहतात आणि दळण चालू राहतं. लोकरी मॅमथच्या शेवटच्या दाढेत अशा वीस-पंचवीस चकत्या असतात. दाढ झिजली की मागून दुसरी पुढे सरकते, आणि आयुष्यात असे सहा संच येतात. सहावा संपला की चावणं संपलं.

एवढी भक्कम चक्की कशासाठी? गवतासाठी. गवतात काचेसारखे बारीक सिलिकाचे कण असतात, वर धूळ बसलेली असते. कोवळी पानं खाणाऱ्याचं साध्या दाढेवर भागतं, गवत खाणाऱ्याला उंच आणि कडांची दाढ लागते. म्हणजे नुसता आकार पाहूनच कळतं, की इथे घनदाट जंगल नव्हतं. कोरडं, थंड, झाडं नसलेलं आणि मैलोन्‌मैल गवताचं मैदान होतं. हिमयुग म्हटलं की आपण सगळीकडे बर्फच कल्पतो. पण शेवटच्या हिमयुगात बर्फाचे थर आजच्या नेदरलँड्सपर्यंत पोचलेच नव्हते. पृथ्वीवरचं एवढं पाणी दूरच्या हिमनद्यांत अडकलं होतं, की ऐन थंडीच्या काळात समुद्र सुमारे 120 मीटर खाली गेला होता. आज जिथे इंग्लंडची फेरी बोट जाते, तिथे कळप चरत होते. त्या बुडालेल्या जमिनीला अभ्यासक ‘डॉगरलँड’ म्हणतात.

आकारानंतर येते ती दाताच्या आतली नोंद. दंतवैद्याच्या यंत्रासारख्या बारीक ड्रिलने इनॅमलची चिमूटभर पूड काढतात. (दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण इथे काहींचं भरतं!) त्यात ऑक्सिजनचे हलके आणि जड अणू मोजतात. थंडीत पडणाऱ्या पावसा-बर्फात जड अणू कमी असतात, उबदार दिवसांत जास्त. प्राणी ते पाणी पितो आणि तेच प्रमाण दातात उतरतं. दात हळूहळू वाढत जातो, म्हणून वरपासून खालपर्यंत ओळीने पूड घेतली तर उन्हाळा, हिवाळा, पुन्हा उन्हाळा असा क्रम वाचता येतो. शाळेतल्या हजेरीपटासारखाच, फक्त यात मागाहून कुणाला खाडाखोड करता येत नाही.

कार्बनचीही अशीच एक परीक्षा आहे. ज्वारी, मका, ऊस यांची हवेतला कार्बन घेण्याची रीत एक. भात, गहू आणि बहुतेक झाडांची दुसरी. त्यामुळे उष्ण देशात दातावरून कळतं, की प्राणी गवत खात होता की झाडपाला. थंड युरोपात गवतही भात-गव्हाच्याच रीतीचं, म्हणून इथे ती युक्ती फारशी चालत नाही. आपल्या दख्खनमध्ये मात्र चालते.

दख्खन म्हटलं की मी माहेरी पोचतेच. लातूर जिल्ह्यातून वाहणाऱ्या मांजरा नदीच्या जुन्या गाळात, त्याच हिमयुगाच्या काळातल्या थरांत, प्राचीन हत्तींचे आणि चक्क पाणघोड्यांचे अवशेष मिळाले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांवर बरंच काम केलं आहे. पाणघोडा म्हणजे बारमाही खोल पाणी आणि काठाला गवत. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरजवळ पाणघोडे डुंबत होते! मी तेव्हा तिथे शाळेत भूगोल शिकवत होते. फळ्यावर ‘जलचक्र’ काढायचं आणि घरी येऊन टँकरची वाट बघायची.

माझा मोठा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याचे कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत होते, त्याच पाण्यावर आणि त्याच भाकरीवर. हाडं आयुष्यभर थोडी थोडी बदलत राहतात. इनॅमल मात्र एकदा बनलं की शरीर त्याची डागडुजीसुद्धा करत नाही. बालपणी प्यायलेलं पाणी, जमिनीतून अन्नात आलेली स्ट्रॉन्शियमची खूण, सगळं तसंच राहतं. दख्खनच्या काळ्या पाषाणाची ही खूण वेगळी आणि इथल्या नद्यांच्या गाळाची वेगळी. यावरूनच एखादा मॅमथ कुठून कुठे भटकला हे शोधता येतं.

धाकटी इथे जन्मली. तिला शाळेत कुणीतरी विचारलं, ‘तू मूळची कुठली?’ घरी आल्यावर तिने तो प्रश्न मला केला. एरवी मी पासपोर्ट, आजी-आजोबा, भाषा असं काहीतरी लांबलचक सांगितलं असतं. या वेळी म्हटलं, ‘तुझे दात झूटरमेरचे, दादाचे लातूरचे, आणि जीभ दोघांचीही मराठी.’ ती आरशासमोर जाऊन दात बघून आली. दादाने लगेच विचारलं, ‘मग माझे दात जास्त भारी का?’ भांडण सोडवायला मला पाणघोडा कामी आला. उत्तर समुद्राच्या तळातूनही पाणघोड्याचे अवशेष निघाले आहेत, दोन हिमयुगांच्या मधल्या उबदार काळातले. म्हणजे एकाच तळात मॅमथही आणि पाणघोडाही. जागा तीच, हवामान बदललं, रहिवासी बदलले.

झूटरमेर या नावाचा अर्थच ‘गोड्या पाण्याचं तळं’. ते तळं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उपसून जमीन केली, आणि आजही आपल्या घरांच्या आसपासची जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. पंप चालतात म्हणून आपल्या दारात रांगोळी कोरडी राहते. पाणी कुठे असावं हे कायमचं ठरलेलं नसतं. ते लातूरकरांना रेल्वेने शिकवलं, इथल्यांना समुद्राने.

हिवाळ्यातलं एखादं वादळ शमलं की ओहोटीची वेळ बघून मुलांना घेऊन झांडमोटरला जरूर जा. काही सापडलं तर फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा आणि लायडेनच्या नॅचरॅलिससारख्या संग्रहालयाच्या जाणकारांना दाखवा. उपशामुळे त्या दाताचा मूळ थर आधीच हरवलेला असतो. निदान आपल्या हातून त्याची उरलेली ओळख तरी हरवू नये.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. चकल्या खुसखुशीत होवोत, आणि लाडू दातांना झेपतील इतपतच कडक!