टाइल नंतर निवडू, आधी पाइप दाखवा



घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून पुढे कोणत्याही नव्या संकुलाची जाहिरात पाहा, निळ्या पाण्याचा फोटो त्यात असतोच. आता हा निळा फोटो घराच्या परसातही येऊ लागला आहे. कोणाचा येऊरच्या पायथ्याशी बंगला असतो, कोणाचे मुरबाड-शहापूरकडे शनिवार-रविवारचे घर असते, आणि मुलांची सुट्टी लागली की विषय निघतो, "मागे एक छोटा स्विमिंग पूल करून घेऊ या का?"

घराचे काम निघाले की ठेकेदार आपल्याशी एका विषयावर बोलतो आणि घरातल्या पुरुषांशी दुसऱ्या. "वहिनी, टाइल निळी की हिरवी, लाइट कोणते, कडेला कोणता दगड, तेवढे तुम्ही सांगा." पंप किती ताकदीचा, पाइप किती इंची, फिल्टर कोणता, हे मात्र "साहेबांशी बोलून घेतो." साहेबांना वेळ नसतो, आणि शेवटी ते सगळे ठेकेदारच ठरवतो.

माझे मत सरळ आहे. टाइल साहेबांना निवडू द्या. जमिनीखाली जाणारे सामान आपण निवडू या. टाइल दहा वर्षांनी बदलता येते. काँक्रीटखाली गाडलेला पाइप बदलायचा तर अर्धा पूल फोडावा लागतो. रोजचे पाणी, रोजची वीज आणि मुलांची सुरक्षितता, या तिन्ही गोष्टी त्या न दिसणाऱ्या सामानावर अवलंबून असतात.

आधी पाण्याचा हिशोब करू. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असा घरगुती पूल धरा. त्यात ६०,००० लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आपल्या परसातला एक पूल म्हणजे त्यातल्या एका वाघिणीपेक्षा थोडे जास्तच. आणि लातूर कशाला, आपल्या जवळच पाहा. ठाण्याला पाणी येते ते उल्हास आणि भातसा नद्यांचे, डोंबिवलीकडच्या मानपाड्याच्या परिसराला बारवी धरणाचे. भातसा, तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत उभ्या असतात.

मग पूल बांधूच नये का? आपल्यातल्या कित्येक ज्येष्ठ श्राविका हेच म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पाणी हे आपल्यासाठी नुसते पाणी नाही, अपकाय जीव आहेत. क्लोरिन घातलेला पूल कधीच पूर्ण अहिंसक होत नाही, हे आधी मान्य करू या. पण गृहस्थाश्रमात आपण घर बांधतो, चूल पेटवतो, गाडी चालवतो, आणि मुलांना पोहता येणे ही काही चैन नाही. ज्यांच्या घरी पूल होणारच आहे, त्यांच्यासाठी श्रावकाच्या बारा व्रतांतली दोन मला इथे फार उपयोगी वाटतात. पहिले भोगोपभोग परिमाण, म्हणजे किती हवे त्याची मर्यादा. दुसरे अनर्थदंड विरमण, म्हणजे कारण नसताना होणारी हिंसा टाळणे. पोहण्यासाठी लागलेले पाणी एकवेळ समजू शकते. गळक्या जोडातून जमिनीत मुरलेले, चुकीच्या फिल्टरमुळे गटारात गेलेले पाणी कोणाच्याच उपयोगाचे नाही. तो शुद्ध अनर्थदंड आहे, आणि तो सामान निवडतानाच टाळता येतो.

आता एकेक वस्तू पाहू.

पहिला पाइप. ६०,००० लिटर पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचे तर तासाला १०,००० लिटर वाहायला हवे. हे दीड इंची पाइपातूनही वाहते, दोन इंचीतूनही. पण तेवढेच पाणी दीड इंचीतून ढकलताना घर्षण तिप्पट-चौपट होते. ते घर्षण पंप आयुष्यभर सोसतो आणि बिल आपण भरतो. पाइपच्या किमतीतला फरक एकदाच द्यायचा असतो. म्हणून निदान दोन इंची पाइप मागा, वळणे कमी ठेवा, आणि पंपाकडे येणारा पाइप पंपाच्या तोंडाशी काही अंतर सरळ येऊ द्या. काँक्रीट पडण्याआधी सगळे पाइप बंद करून त्यात दाब भरायला लावा आणि गेजचा काटा २४ तास जागचा हलत नाही ना, ते स्वतः जाऊन पाहा. ठेकेदार म्हणेल, "गरज नाही वहिनी, आमचे काम पक्के असते." काम पक्के असेल तर काटा हलणार नाही, एवढेच उत्तर द्या.

दुसरा पंप. मोठा पंप म्हणजे चांगला पंप, ही समजूत सोडा. पंपाचे गणित असे आहे की त्याचा वेग निम्मा केला तर लागणारी वीज जवळजवळ आठव्या हिश्शावर येते. पाणी निम्म्या गतीने फिरते म्हणून तो दुप्पट वेळ चालवावा लागतो. तरीही एकूण वीज सुमारे पाव होते. प्रत्यक्षात बचत याहून थोडी कमी मिळते, पण मिळते नक्की. दीड एचपीचा साधा पंप रोज सहा तास चालला तर आठ-नऊ युनिट खातो, महिन्याला अडीचशेच्या घरात. वेग बदलता येणारा, ज्याला व्हेरिएबल स्पीड म्हणतात तो पंप, घेताना महाग पडतो. पण पूल वर्षभर चालू ठेवणाऱ्या घरात तो फरक भरून निघतो. अमेरिकेत जुलै २०२१ पासून पूलच्या पंपांना विजेच्या बचतीचे कडक नियम लागू झाले आणि परसातल्या बहुतेक पूलना तिथे आता असाच पंप बसतो. मंद चालणाऱ्या पंपाचा आवाजही कमी येतो. सामायिक करताना किंवा दुपारी पडल्यावर कानाशी घरघर नको असेल तर याचाही विचार करा.

तिसरा फिल्टर. हा विषय तर आपलाच. पाणी गाळण्याबद्दल जैन घरातल्या बाईला कोणी शिकवायची गरज नाही. पूलला मुख्यतः दोन प्रकार मिळतात. वाळूचा फिल्टर दणकट असतो, वाळू बरीच वर्षे टिकते. पण तो साफ करायला पाणी उलटे फिरवून बाहेर सोडावे लागते. याला बॅकवॉश म्हणतात. वरच्या मापाच्या पूलला तीन-चार मिनिटांच्या एका बॅकवॉशमध्ये पाचशे-सहाशे लिटर पाणी जाते. दर आठवड्याला केला तर वर्षाला तीस हजार लिटरच्या आसपास, म्हणजे अर्धा पूल गटारात. कार्ट्रिज फिल्टरला बॅकवॉश नसतो. त्यातली घडीची नळकांडी काढून पाइपच्या धारेखाली धुवायची, की झाले. तो अधिक बारीक कणही अडवतो. एक अडचण आहे. बोअरवेलचे जड पाणी असेल तर कार्ट्रिजवर क्षार बसतात आणि ती लवकर बदलावी लागते. म्हणून आधी पाणी तपासून घ्या. पाणी जड नसेल तर माझे मत कार्ट्रिजला, आणि तीही ठेकेदार सांगेल त्यापेक्षा एक माप मोठी. वाळूचाच फिल्टर घ्यावा लागला तर बॅकवॉशचे पाणी एका टाकीत साठवा. क्लोरिन उडून गेले की ते अंगण धुवायला चालते. मिठाच्या पाण्यावर चालणारी क्लोरिनची यंत्रे हल्ली खूप सुचवली जातात. "यात केमिकल नाही" असे सांगतात ते खरे नाही. ती यंत्रे मिठापासून क्लोरिनच बनवतात. शिवाय ते खारट पाणी झाडांना घालता येत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, तळाची जाळी. पूलच्या तळाशी पाणी ओढणारा ड्रेन असतो. तो एकच असेल आणि त्यावर अंग टेकले किंवा केस अडकले, तर ती ओढ माणसाला सोडत नाही. जून २००२ मध्ये अमेरिकेत ग्रेम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी अशाच ड्रेनच्या ओढीत अडकून गेली. तिला उत्तम पोहता येत होते. आई तिला ओढत राहिली, पण एकटीला ते जमले नाही. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. पुढे तिच्या आईने, नॅन्सी बेकर यांनी, पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्याच नावाने सुरक्षित ड्रेनचा कायदा झाला. मैत्रिणींनो, मोकळ्या लांब केसांच्या मुली आपल्या घरीही आहेत. म्हणून एका पंपाला निदान दोन ड्रेन हवेत, एकमेकांपासून तीन फुटांहून दूर, एक झाकला गेला तरी दुसऱ्यातून पाणी येईल असे जोडलेले. दोघांवर घुमटाकार, केस न ओढणारी जाळी हवी. जाळीचा स्क्रू ढिला दिसला तर त्या दिवशी पूल बंद. या एका बाबतीत पैशाची घासाघीस करू नका.

पाचवा स्किमर, म्हणजे वरचा पालापाचोळा ओढून घेणारे भिंतीतले तोंड. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि पाने पूर्वेच्या काठाला जमतात. म्हणून स्किमर पूर्वेच्या भिंतीत बसवा, आणि गाळलेले पाणी परत सोडणारी तोंडे समोरच्या बाजूला. वर धरलेल्या मापाला दोन स्किमर लागतील. येऊरचे जंगल जवळ असलेल्यांना पानांबरोबर बेडूक, भुंगे, मुंग्याही मिळतील. गुळगुळीत टाइलवरून बेडकाला वर येता येत नाही. पाण्यात उतरणारी एक छोटी खडबडीत फळी काठाला कायम लावून ठेवा आणि सकाळी पंप सुरू करण्याआधी स्किमरची टोपली हाताने पाहा. आपल्या आज्या पाणी गाळून झाल्यावर जिवाणी पुन्हा त्याच पाण्यात सोडत. क्लोरिनच्या पाण्यात तसे करता येत नाही, पण टोपलीतला जिवंत बेडूक झाडाखाली नेऊन सोडता येतो.

पावसाळ्याचा विचार ठेकेदार क्वचितच बोलून दाखवतो. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ५० चौरस मीटरच्या पूलवर तो सव्वा लाख लिटर होतो, पूलच्या पोटापेक्षा दुप्पट. जादा पाणी बाहेर जायला वेगळा पाइप हवा, आणि तो गटाराऐवजी शोषखड्ड्यात किंवा बागेच्या टाकीत न्या. पंपाची खोली जमिनीखाली असेल तर तिच्यातही पाणी शिरेल, त्याचा निचरा आधीच ठरवा. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवेच हवे. आणि भर पावसात पूल कधीही रिकामा करू नका. खालून जमिनीतल्या पाण्याचा दाब आला तर रिकामे बांधकाम उचलले जाऊन तडकते.

उन्हाळ्यात उलटे होते. रोज ५-६ मिलिमीटर पाणी उडते असे धरले तर या पूलमधून दिवसाला अडीचशे-तीनशे लिटर जातात. झाकायला कव्हर घ्या, त्याने बाष्पीभवन बरेचसे थांबते. काठावरून सतत पाणी ओसंडणारे इन्फिनिटी पूल फोटोत छान दिसतात. पण त्यांना वेगळी टाकी लागते आणि पाणी जास्त उडते. मला ते घरासाठी अनावश्यक वाटतात. पाणी अपेक्षेपेक्षा जास्त घटते असे वाटले तर पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करा, पंप बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला असेल तर ती गळती आहे. त्याच आठवड्यात प्लंबर बोलवा, रोज टाकी उघडून भर घालत बसू नका.

शेवटी मापाबद्दल. घरात पोहणारी माणसे चार असतील तर दहा मीटरचा पूल तरी कशाला? सहा मीटर बाय तीन मीटरमध्ये मुले पोहायला शिकतात आणि पाणी तिसऱ्या हिश्शाच्या थोडे पुढे लागते. पंप, पाइप, फिल्टर, वीज, सगळे त्याच प्रमाणात उतरते. परिमाण व्रत घेताना आपण साड्या मोजतो, दागिने मोजतो. घरी पूल होणार असेल तर ठेकेदाराचा पहिला नकाशा टेबलावर येईल तेव्हा लिटरही मोजा, आणि त्यावर तुमची सही झाल्याशिवाय टाइलचे नमुने घरात घेऊ नका.