चालतंय ना, मग कशाला?

आपल्याकडची निम्मी कामं 'बघू' या शब्दाने अडतात आणि उरलेली निम्मी 'चालतंय ना?' या प्रश्नाने. पहिल्या शब्दाशी माझं वैर नाही. मी बँकेत कारकून आहे, तो शब्द मीच दिवसातून चाळीस वेळा वापरतो. माझं भांडण आहे ते दुसऱ्याशी, आणि विशेष म्हणजे आमच्या हेडकॅशियरसाहेबांशी, कारण त्या प्रश्नाची एजन्सी त्यांच्याकडे आहे.

प्रकरण आहे एका अक्षराचं. इंग्रजी 'एस'चं.

बँकेत नोकरी करणाऱ्यालाही अधूनमधून पैसे लागतात, हे बँकेला पटवणं फार अवघड असतं. म्हणून आम्ही कर्मचाऱ्यांनी आपली एक छोटी पतसंस्था काढली आहे. आमच्या शिपायाच्या मुलीचं लग्न या संस्थेच्या कर्जावर झालं. हेडकॅशियरसाहेबांची आयुष्यभराची शिल्लक याच संस्थेत ठेव म्हणून आहे. मी तिचा चिटणीस, कारण निवडीच्या दिवशी मी रजेवर होतो. आणि संस्थेच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहिला आहे माझ्या भाच्याने, जावा नावाच्या भाषेत, दोन पुरणपोळ्यांच्या मोबदल्यात. (तिसरी सौ.ने प्रोग्राम चालल्यावर देऊ म्हणून सांगितलं होतं. ती अजून बाकी आहे.)

सन २०२० साली संक्रांत पंधरा जानेवारीला होती. दुसऱ्या दिवशी भाचा तिळगूळ घ्यायला आला तोच तोंड पाडून. म्हणाला, "मामा, प्रोग्राम बांधला जात नाही. पाचशे एक येतंय."

"कुणाकडून? आहेर आहे का?"

आहेर नव्हता, नकार होता. झालं होतं असं. जावाचा प्रोग्राम कुणी सगळाच्या सगळा स्वतः लिहीत नाही. चकलीची भाजणी आपण विकत आणतो, तसे त्याचे तयार भाग जगभरातल्या कोठारांतून उतरवून घ्यायचे असतात. त्यातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे मावेन सेंट्रल. या तयार भागांना म्हणतात 'जार'. मला हा शब्द ऐकून फार बरं वाटलं. जार म्हणजे बरणी. आपल्या घरात आहेच. तर या कोठाराने १५ जानेवारी २०२० पासून ठरवलं होतं, की ज्याचा पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होतो त्याला बरणी मिळणार नाही. 'एचटीटीपीएस' लिहून आणा. तोवर पाचशे एक. आमच्या प्रोग्रामात पत्ता जुना होता. भाच्याने त्या एका ओळीत एक 'एस' घातला, प्रोग्राम बांधला गेला, आणि आम्ही तिळगूळ खाल्ला.

ही एचटीटीपी अक्षरं पत्त्याच्या सुरुवातीला असतात हे आपल्याला माहीत असतं, पण लग्नपत्रिकेवरच्या 'श्री'सारखी ती कुणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो. भाच्याने समजावलं ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. एचटीटीपी म्हणजे पोस्टकार्ड. वाटेत पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतो, आणि कुणाच्या खिशात पेन्सिल असली तर 'शंभर' खोडून 'नऊशे' करतो. एचटीटीपीएस म्हणजे लाखेची मोहर लावलेलं पाकीट. आत काय ते दिसत नाही, मोहर फोडली तर कळतं, आणि मोहर कुणाची हेही तपासता येतं. ही सोय १९९४ साली नेटस्केप कंपनीने केली. म्हणजे मी अकरावी कॉमर्सला जाण्याच्याही आधी.

मग इतकी वर्षं लोक पोस्टकार्डावर का राहिले? कारण पाकिटाला पैसे पडत. याच मावेन सेंट्रलवरून बंद पाकिटात बरणी हवी असेल, तर २०१४ च्या मध्यापर्यंत अपाची फाउंडेशनला दहा डॉलर देणगी द्यावी लागे. सेवाशुल्क! वाचून मला घरच्यासारखं वाटलं. मग त्याच वर्षी एका प्रोग्रामरने वाटेत बसून बरणीत आपल्याला हवं ते घालता येतं, हे प्रोग्राम लिहून करूनच दाखवलं. आणि थोड्याच दिवसांत पाकीट सगळ्यांना फुकट झालं. पुढे २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने मोहराही फुकट वाटायला सुरुवात केली. २०१८ च्या जुलैपासून क्रोम तर पोस्टकार्डवाल्या प्रत्येक साइटवर 'सुरक्षित नाही' अशी पाटी लावू लागला. थोडक्यात, सबबी एकेक करून संपत गेल्या. 'चालतंय ना' मात्र संपलं नाही.

आमच्याकडे तर मुळीच नाही. तिळगूळ खाल्ला त्या दिवशी एकच ओळ बदलली. बाकीच्या तशाच राहिल्या, कारण चालत होत्या. मग मागच्या दिवाळीत भाच्याला सहज विचारलं, की हे बांधकाम तू करतोस कुठे? म्हणाला, "कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये. वायफाय फुकट आहे."

माझ्या हातातला चहा थंड झाला. पाच वर्षं आमच्या पतसंस्थेच्या प्रोग्रामाचे भाग क्रीमरोल आणि खारीच्या गर्दीतून उघड्या पोस्टकार्डावर येत होते! मी त्याला जुने पत्ते मोजायला सांगितलं. निघाले १३७. ते सगळे बदलून द्यायला त्याने दोन रविवार आणि थकलेली पुरणपोळी मागितली. मी विषय सभेत मांडला, आणि माझं आयुष्य बिघडलं.

हेडकॅशियरसाहेब म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला?"

हे ज्या गृहस्थाने म्हटलं, तो रोज संध्याकाळी तिजोरीचं कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो. जिना उतरून पुन्हा वर येतो आणि चौथ्यांदा ओढतो. मी विचारलं, "साहेब, कुलपाशिवायही तिजोरीचं दार बंद होतं. चालतंच की. मग कुलूप कशाला?" ते म्हणाले, "विषयांतर करू नका."

खजिनदार म्हणाले, "अहो, आपण उतरवतो त्या वस्तू सगळ्या जगाला खुल्या आहेत म्हणता. त्यात लपवण्यासारखं आहे काय?" हा युक्तिवाद मला फार वेळा भेटला आहे आणि दर वेळी तो सुशिक्षित माणसाकडूनच येतो. लपवण्यासारखं काही नाही, कबूल. लोणच्याची कृती जगजाहीर आहे. पण लोणच्याची बरणी गावाहून एसटीने येताना वाटेत कुणी झाकण उघडून त्यात जमालगोटा टाकला, तर कृती जगजाहीर होती म्हणून तुमचं पोट वाचेल का? आणि ही बरणी नुसती फडताळात राहत नाही. तिच्यातलं जे काही असेल ते तुमच्या यंत्रावर, तुमच्या खात्यांच्या शेजारी बसून काम करतं. प्रश्न कुणी वाचतंय याचा नाहीच, कुणी लिहितंय याचा आहे.

यावर सभेतले एक तांत्रिक सभासद उठले. (त्यांच्या मुलाकडे लॅपटॉप आहे.) म्हणाले, "आत सही असते. सही तपासली की झालं, पाकीट कशाला?" हा प्रश्न मात्र पोरकट नाही. लिनक्सच्या डेबियन मंडळींनी वर्षानुवर्षं हेच म्हटलं, आणि सामान उघड्या वाटेने पण सही करून पाठवलं. मग जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्या सामान आणणाऱ्या प्रोग्रामातच, अॅप्टमध्ये, एक चूक सापडली. वाटेत बसलेला माणूस खोटं उत्तर असं बेमालूम देऊ शकत होता, की सही तपासणारालाच फसवून यंत्राचा पूर्ण ताबा घ्यावा. चूक दुरुस्त झाली. पण पाकीट असतं तर त्या वाटेतल्या माणसाला तोंड घालायलाच जागा नव्हती. आम्ही चेकवर सही बघतो, म्हणून कुणी चेकबुक पोस्टकार्डाला टाचून पाठवत नाही.

तांत्रिक सभासद बसले, पण बसता बसता म्हणाले, "जुन्या पत्त्यावर गेलं तरी हल्ली आपोआप नव्या पत्त्यावर पाठवतात."

पाठवतात. आमची शाखा हलली तेव्हा आम्हीही जुन्या दारावर 'शाखा समोरच्या इमारतीत' असा बोर्ड लावला होता. पण तो बोर्ड वाचायला गिऱ्हाईकाला आधी जुन्या, उघड्या दाराशी जावं लागे. तिथे एखाद्या भामट्याने आमचा बोर्ड काढून आपला लावला असता, तर गिऱ्हाईक पासबुकासकट त्याच्याकडे पोचलं असतं, आणि वर 'नवी शाखा छान आहे हो' म्हणालं असतं. पत्ता वहीतच बदलायला हवा.

सभा संपली. ठराव पास झाला, सहा विरुद्ध पाच. मी विजयी मुद्रेने घरी गेलो. आणि इथून पुढचा वैताग दुसऱ्या बाजूचा.

भाच्याच्या हाताखाली एक उत्साही पोरगा आहे. त्याने ठराव ऐकला आणि दोन रविवार कशाला, दोन सेकंदांत 'रिप्लेस ऑल' केलं. जिथे जिथे एचटीटीपी, तिथे तिथे एस. सोमवारी सकाळी पावत्या छापल्या, त्यांवर संस्थेचं बोधचिन्ह नव्हतं. समई होती आमची, ती विझली. अध्यक्षांना फोन गेले.

झालं होतं असं, की एसव्हीजी प्रकारच्या चित्राच्या डोक्यावर डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेच्या पत्त्यासारखी दिसणारी एक ओळ असते. ती एचटीटीपीनेच सुरू होते. पण तो पत्ता नव्हे, ते नाव आहे. तिथे कुणी काही उतरवायला जात नाही. हे चित्र कोणत्या कुळातलं एवढंच त्यावरून ओळखतात. एक अक्षर बदललंत तर ओळख पटत नाही. आमचे एक पुणेकर आडनावाचे गृहस्थ ठाण्याला राहतात. पत्ता अद्ययावत करायचा म्हणून कुणी त्यांना ठाणेकर केलं, तर त्यांची सही कुठल्या बँकेत जुळेल? (नाव आणि पत्ता यांतला हा घोळ भल्याभल्यांचा होतो. खुद्द डब्ल्यू-थ्री-सीने २००८ साली तक्रार केली होती, की ज्या फायली एकदा नेऊन जवळ ठेवायच्या त्या मागायला जगभरचे प्रोग्राम पुन्हा पुन्हा येतात, दिवसाला तेरा कोटी वेळांपर्यंत.)

तेव्हा मी या पंथाच्याही विरुद्ध आहे, हे इथेच नोंदवून ठेवतो. 'चालतंय ना'वाला निदान बसून राहतो. 'सगळं बदला'वाला उठतो, हे जास्त धोक्याचं. जावाच्याच जगातला स्प्रिंग नावाचा मोठा प्रकल्प आहे. त्यांनी २०१९ मध्ये आपले जुने पत्ते असेच बदलले, पण त्यासोबत एक पहारेकरी प्रोग्रामही बनवला. कुठे उघडा पत्ता दिसला की तो बांधकामच थांबवतो, आणि ज्यांना सूट द्यायची त्यांची यादी वेगळी लिहून द्यावी लागते. सूट आहे, पण लेखी आहे. कारकून म्हणून मला हे फारच पटलं.

मी भाच्याला तोच पहारेकरी बसवायला लावला आणि यादी मागितली. त्याने दोन रविवार घेतले. १२८ बदलले, ९ सूट. यादी सभेपुढे ठेवली. सगळ्यांनी न वाचता माना हलवल्या. हेडकॅशियरसाहेबांनी मात्र चष्मा बदलला, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि म्हणाले, "टॅली करून देतो." मी मनात म्हटलं, आता हे दोन रविवार आणखी खाणार.

दुसऱ्या दिवशी, व्यवहाराची वेळ संपल्यावर, त्यांनी भाच्याला बोलावून घेतलं.

"हे सात?"

"नावं आहेत, काका. पत्ते नाहीत."

"बरोबर. पुणेकर. आणि हा आठवा?"

"तो याच यंत्रातल्या याच यंत्राला. बाहेर जात नाही."

"म्हणजे स्वयंपाकघरातून माजघरात. त्याला पाकीट नको. ठीक." लाल पेन्सिल खाली सरकली. "नववा?"

भाचा माझ्याकडे बघू लागला. मी पंख्याकडे. नववा पत्ता पावत्यांच्या प्रिंटरची बरणी जिथून येते त्या एका लहान पुरवठादाराचा निघाला. त्याच्या साइटला पाकिटाची सोयच नव्हती. 'एस' घातला की बांधकाम बंद पडायचं, म्हणून भाच्याने तो गुपचूप सुटीच्या यादीत बसवला होता.

"हा तर बाहेर जातो," हेडकॅशियरसाहेब म्हणाले.

"हो, पण काका, चालतंय..."

पुढचा शब्द त्याने गिळला. हेडकॅशियरसाहेबांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. पाच मिनिटं त्या केबिनमध्ये फक्त नोटा मोजायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"यातून मार्ग काय?" त्यांनी विचारलं.

भाचा म्हणाला, पुरवठादाराकडून ती फाइल आणि तिचा पडताळणीचा आकडा वेगवेगळ्या मार्गांनी मागवायचा, जुळला तर फाइल संस्थेच्याच कपाटात ठेवायची, आणि तो बाहेरचा पत्ता काढून टाकायचा. एक रविवार लागेल.

"घे," साहेब म्हणाले, आणि यादीवर लाल पेन्सिलीने '१२८ + ८ = १३६, फरक १' असं लिहून कागद ड्रॉवरमध्ये घातला. "फरक मिटेपर्यंत यावर माझी सही नाही."

मग ते तिजोरीकडे गेले, आणि आम्ही तिघांनी कुलूप एकेकदा ओढून पाहिलं.