कृशतेचें नवें व्रत

सौंदर्याच्या कल्पना कालमानाप्रमाणें पालटतात, ही गोष्ट कोणासहि नव्यानें सांगावयास नको. एका पिढीस जें रूप मोहक वाटतें तें दुसरीस बेंगरूळ वाटतें. आणि पोशाख, केशरचना, दागिने यांच्याबाबत असा पालट होत राहिला तर त्यांत कोणाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्या आवडीची किंमत रक्तानें, हाडांनीं आणि प्रसंगीं प्राणानेंहि द्यावी लागते, तिला ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून सोडून देणें विचारी माणसास शोभत नाहीं. आमच्या सुशिक्षित घरांतून तरुण मुलींत, आणि त्यांच्या आयांतहि, अतिकृश देहाची जी उपासना सध्यां चालू आहे ती अशाच प्रकारची आहे. तिच्याविरुद्ध चार शब्द स्पष्टपणें लिहिणें अवश्य झालें आहे.

प्रारंभींच एक खुलासा केला पाहिजे. स्थूलता हितकर आहे असा आमचा पक्ष नाहीं. आपल्या देशांतील माणसांस बेताच्या वजनावरहि मधुमेह जडतो, आणि शहरांतील बैठ्या आयुष्यानें कमरेचा घेर वाढतो, हें डॉक्टरांनीं वारंवार सांगितलेलें सत्य आम्हांस मान्य आहे. सडपातळ बांध्याची आवडहि कांहीं केवळ विलायतेहून आलेली नाहीं. आपल्याकडे नाजुक मुलीस ‘चवळीची शेंग’ म्हणण्याची चाल जुनीच आहे, आणि संस्कृत कवींच्या नायिकेची कंबर तर मुठींत मावण्याजोगी असे. परंतु त्याच कवींनीं तिच्या उरलेल्या देहास भरपूर पुष्टि दिली होती. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीं कोरलेल्या दगडी स्त्रिया पाहाव्या तर त्या चांगल्या खात्यापित्या घरच्या दिसतात. बांधेसूदपणाशीं आमचें भांडण नाहीं. जो आदर्श गांठण्यासाठीं निरोगी मुलीस भुकेली राहावें लागतें, आणि जो गांठल्यावरहि ‘अजून थोडें’ हा जप संपत नाहीं, त्या आदर्शाशीं आमचें भांडण आहे.

या आदर्शाचें समर्थन तीन प्रकारें करण्यांत येतें. त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिलें समर्थन आरोग्याचें. ‘मी कांहीं रूपासाठीं करीत नाहीं, प्रकृतीसाठीं करतें,’ हें वाक्य आतां घरोघरीं ऐकूं येतें. वजनास उंचीच्या वर्गानें भागून जो अंक येतो, ज्यास डॉक्टर बी. एम. आय. म्हणतात, त्याची वरची मर्यादा शाळकरी मुलींसहि पाठ असते. परंतु त्याच अंकास १८.५ ही एक खालचीहि मर्यादा आहे, आणि तिच्याखालीं उतरलेला देह वैद्यकाच्या दृष्टीनें उणा ठरतो, याची आठवण कोणी करून देते काय? २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २०.८ या मर्यादेच्या खालीं आढळल्या, शेंकडा २३.४ वाजवीहून अधिक वजनाच्या आढळल्या, आणि शेंकडा ५४.२ स्त्रियांस पंडुरोग, म्हणजे रक्ताची उणीव, असल्याचें दिसून आलें. ज्या प्रांतांत पांचांतील एक स्त्री वजनानें उणी आहे आणि अर्ध्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत पुरेसें रक्त नाहीं, तेथें पोटभर खाण्याची ऐपत असलेली स्त्री उपाशी राहण्यास आरोग्य म्हणते, यापरता बुद्धीचा भ्रम कोणता?

उपासमार देहाचें काय करते हें कळण्यासाठीं तर्क लढविण्याची गरज नाहीं. तें मोजून पाहिलेलें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अ‍ॅन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण युद्धास तत्त्वतः विरोध असल्यामुळें सैन्यांत न गेलेले. उपासमारीनें गांजलेल्या लोकांस पुन्हा अन्नावर कसें आणावें हें कळावें म्हणून ते आपखुषीनें पुढें आले होते. सहा महिने त्यांस दिवसाला सुमारें १,५७० कॅलरींचें अन्न देण्यांत आलें. त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांशानें उतरलें. नाडी मंदावली, हातपाय गार पडूं लागले. पण त्याहून विलक्षण पालट मनांत झाला. धडधाकट, हंसतमुख माणसें चिडखोर व उदास झालीं, वाचनांतून व मित्रांतून त्यांचें मन उडालें, आणि अन्नावांचून दुसरा विषय त्यांस सुचेना. ते ताटें चाटून पुसून घेत आणि पाककृतींचीं पुस्तकें जमवून तासचे तास वाचीत बसत. पुरुषास स्त्रीपेक्षां अधिक अन्न लागतें हें गृहीत धरूनहि विचार करावा कीं, आज लग्न ठरलेल्या मुलीच्या हातीं १,२०० कॅलरींचा तक्ता सहज ठेवला जातो, आणि ती चिडली, रडली, कोठें मन लागेना असें म्हणाली, म्हणजे ‘हिच्यांत निश्चयच नाहीं’ असा शेरा मारला जातो! जो शेरा पोटावर मारावयाचा तो स्वभावावर मारण्यांत येतो.

दुसरें समर्थन स्वेच्छेचें. ‘देह तिचा आहे, इच्छा तिची आहे; तुम्ही कोण सांगणारे?’ असा प्रश्न आम्हांस विचारला जाईल. स्त्रीच्या देहावर तिचीच सत्ता असावी हें तत्त्व आम्हांस शिरोधार्य आहे. म्हणूनच ही इच्छा तिच्या मनांत आली कोठून, हें पाहणें अगत्याचें वाटतें. प्रशांत महासागरांतील फिजी बेटांत धष्टपुष्ट देहाची प्रतिष्ठा होती. पाहुण्यास आग्रहानें खाऊं घालणें हें तेथील घराचें भूषण, आणि मूल रोडावलें तर सारे आप्त काळजींत पडत. १९९५ सालीं तेथील नाद्रोगा प्रांतांत दूरचित्रवाणी आली. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनीं त्याच वेळीं तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली, व तीन वर्षांनीं, १९९८ सालीं, तशीच पाहणी पुन्हा केली. वजन उतरविण्यासाठीं खाल्लेलें अन्न ओकून टाकणारी मुलगी पहिल्या वेळीं एकहि आढळली नव्हती. दुसऱ्या वेळीं अशा मुली शेंकडा ११ हून अधिक निघाल्या. प्रत्येक वेळीं पाहिलेल्या मुलींची संख्या साठांच्या आसपासच होती, त्यामुळें आंकड्यांवर फार भार घालूं नये, हें खरें. परंतु पडद्यावरील नायिकांसारखें व्हावेंसें वाटतें, असें त्या मुलींनींच सांगितलें होतें. जी इच्छा तीन वर्षांपूर्वीं त्या गांवांत कोणासहि ठाऊक नव्हती, ती तीन वर्षांनीं प्रत्येक मुलीस आपल्या अंतःकरणांतून उगवलेली वाटूं लागली! फिजीच्या मुलींपुढें एक पडदा होता. आमच्या मुलींच्या तळहातावर तो अष्टौप्रहर आहे, आणि त्यावरील चित्रें यंत्राच्या साह्यानें घांसून, छाटून बारीक केलेलीं असतात. फ्रान्सनें २०१७ पासून अशा दुरुस्त केलेल्या जाहिरातींवर तसा उल्लेख करण्याची सक्ति केली, ती उगाच नव्हे.

तिसरें समर्थन, खरें पाहतां, समर्थन नसून उपेक्षा आहे. ‘पोरवयाचें खूळ आहे, संसाराला लागली कीं जाईल,’ असें म्हणून वडील माणसें मोकळीं होतात. या उपेक्षेस उत्तर दीडशें वर्षांपूर्वींच मिळालेलें आहे. १८७३ सालीं लंडनमध्यें सर विल्यम गल यांनीं, आणि त्याच वर्षीं पॅरिसमध्यें शार्ल लासेग यांनीं, अन्न सोडून अस्थिपंजर झालेल्या तरुण मुलींचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. गल यांनीं या रोगास जें नांव दिलें, अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझा, तेंच आजहि चालतें. इतक्या वाळलेल्या मुली स्वस्थ न बसतां सारख्या हिंडत-फिरत राहतात, याचें गल यांस आश्चर्य वाटलें होतें. लासेग यांनीं तर घरच्या माणसांचीहि नोंद केली: तीं आधीं विनवण्या करतात, मग धमक्या देतात, आणि मुलगी मात्र आपणांस कांहींच झालेलें नाहीं असें शांतपणें सांगत राहते. मनाच्या विकारांपैकीं ज्यांत सर्वांत अधिक रोगी दगावतात अशांत या विकाराची गणना होते. ब्राझीलची मॉडेल आना कारोलिना रेस्तन नोव्हेंबर २००६ मध्यें याच रोगानें गेली, तेव्हां ती अवघी २१ वर्षांची होती. त्याच वर्षीं माद्रिदच्या फॅशनच्या सोहळ्यांत ज्यांचा बी. एम. आय. १८ च्या खालीं आहे अशा मॉडेलांस मनाई करण्यांत आली होती. ज्या धंद्यानें हा आदर्श जगास दिला त्यालाहि कोठें तरी थांबावेंसें वाटलें. मग आमच्या दिवाणखान्यांत ही गोष्ट अजून विनोदाचा विषय कां?

या वेडावर पैसा करणारांची परंपराहि जुनी आहे. १९२८ सालीं अमेरिकेंतील एका सिगारेट कंपनीनें, मिठाईकडे हात न नेतां आमच्या सिगारेटकडे न्या, असा उपदेश स्त्रियांस सुरू केला. १९३० नंतरच्या दशकांत डायनायट्रोफेनॉल नांवाचें द्रव्य वजन उतरविण्यासाठीं विकलें गेलें. त्यानें कित्येकांस मोतीबिंदु झाले, कांहीं प्राणांस मुकले, आणि १९३८ च्या अमेरिकन कायद्यानंतर तें औषध म्हणून बंद झालें. फेनफ्ल्युरामीन हें औषध हृदयाच्या झडपा बिघडवितें असें दिसल्यामुळें १९९७ सालीं बाजारांतून काढून घ्यावें लागलें. वजन उतरविणारीं नवीं इंजेक्शनें २०२५ सालीं हिंदुस्थानांत विक्रीस आलीं. मधुमेह्यांस व खरोखर स्थूल रोग्यांस तीं उपकारक आहेत, यांत शंका नाहीं. परंतु रोग नसतां, केवळ शालूंत बारीक दिसावें म्हणून तीं मागणाऱ्या मुलीस वरील इतिहास कोणी तरी वाचून दाखवावा.

आतां मुख्य मुद्दा. हें बीज परदेशांतून आलें असें म्हणून हात झटकतां येणार नाहींत. कारण तें ज्या जमिनींत रुजलें ती आमची आहे, आणि आम्हीं ती पिढ्यान्‌पिढ्या नांगरून ठेविली होती. घरांतील पुरुषांचीं व मुलांचीं पानें उठल्यावर उरलेंसुरलें खाणारी, शिळें आपल्या ताटांत घेणारी, संकष्टीपासून हरितालिकेपर्यंत सर्वांचे उपास आपल्या अंगावर काढणारी स्त्री ती थोर, असें आम्ही मानीत आलों. बाईची भूक ही लाजिरवाणी गोष्ट आणि तिचा संयम हें तिचें भूषण, ही शिकवण नव्या मुलीनें टाकलेली नाहीं; तिनें फक्त देव बदलला आहे. पूर्वीं पतीच्या आयुष्यासाठीं उपास होता, आतां वजनाच्या कांट्यासाठीं आहे. आणि त्या कांट्याची पुजारीण बहुधा दुसरी स्त्रीच असते. लग्नाच्या मांडवांत भेटतांच ‘अगबाई, किती बारीक झालीस!’ हें कौतुक, आणि ‘जरा सुटलीस हं!’ हा टोमणा, दोन्ही स्त्रियांच्याच तोंडून निघतात. वधु पाहिजेच्या जाहिरातींत ‘सडपातळ’ हा शब्द घालतांना वराची आई आपल्या मुलाच्या पोटाकडे पाहत नाहीं. तें पोट भरभराटीचें लक्षण! स्त्रीस एक माप व पुरुषास दुसरें, या अन्यायावर ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून कोरडे ओढले. त्यांच्या नाती-पणती पदव्या मिळवून, स्वतः कमावून, तेंच दुहेरी माप आपल्या हातांनीं आपल्या कमरेस लावून पाहतात, हें पाहून खेद वाटतो.

जुन्या व्रतांची आम्ही भलावण करीत नाहीं. परंतु त्यांस एक शहाणपण होतें. प्रत्येक उपासास पारणें होतें आणि प्रत्येक व्रतास उद्यापन होतें. अमुक दिवस, अमुक वर्षें, आणि मग गोडाचें जेवण, सवाष्णींची ओटी, व्रताची समाप्ति. या नव्या व्रतास पारणेंहि नाहीं आणि उद्यापनहि नाहीं. पांच किलो उतरले कीं आणखी तीन, तीन उतरले कीं तें टिकविण्याची धास्ती; आणि घांस तोंडांत घेतांना वाटणारी अपराधाची भावना तर कधींच संपत नाहीं.

तेव्हां उद्यापन घरांतील जाणत्या स्त्रियांनींच केलें पाहिजे. मुलीच्या देखत आपल्या किंवा परक्या बाईच्या अंगाविषयीं बोलणें आजपासून बंद करावें. तिचें पान सर्वांबरोबर मांडावें आणि आपलेंहि तिच्या शेजारीं मांडावें. कारण आई उपाशी राहून मुलीस ‘जेव’ म्हणते, तेव्हां मुलगी शब्द ऐकत नाहीं, ताट पाहते. तिची पाळी थांबली, ती जेवणाच्या वेळा चुकवूं लागली, जेवून उठतांच न्हाणीघराचें दार लावूं लागली, तर रागें न भरतां तिला डॉक्टरांकडे न्यावें. पुरुषांनीं जाहिरातींतील तो एक शब्द खोडावा. मुलगी धांवण्यांत, पोहण्यांत, ओझें उचलण्यांत किती समर्थ आहे याचें कौतुक घरांत होऊं लागलें, तर किती किलोची आहे याची चौकशी आपोआप मागें पडेल. ज्या स्त्रियांनीं शिक्षणासाठीं शेणमार सोसला, त्यांच्या लेकींस पोटभर जेवण्यासाठीं कोणाची परवानगी लागूं नये.