'एक देश, एक कार्ड' आणि आमचं बिलोलीचं एसटी स्टँड

माझ्या पाकिटात एक कार्ड पडून आहे. त्यात १४० रुपये आहेत. पैसे माझेच, पण बिलोलीत त्याचा एक कप चहासुद्धा येत नाही.

झालं असं, भाच्याच्या अॅडमिशनसाठी एका मोठ्या शहरात चार दिवस होतो. मेट्रोच्या खिडकीवर ही लाइन! भाचा म्हणाला, मामा, कार्ड काढून घ्या, टेकवलं की गेट उघडतं. काढलं. खरंच उघडतं, खोटं कशाला बोलू. निघायच्या दिवशी खिडकीवर कार्ड ठेवलं, म्हटलं उरलेले पैसे द्या. आतला पोरगा म्हणाला, "काका, परत नाही मिळत. पुढच्या वेळी आले की वापरा." पुढची वेळ कधी? भाच्याचं लग्न निघाल्यावर?

१४० रुपयांनी माझं काही अडत नाही. पण आपल्या तालुक्यातून सेंट्रिंगच्या कामाला, वॉचमनकीला शहरात जाणाऱ्या माणसाची ती अर्ध्या दिवसाची हजेरी होते. म्हणून हे लिहितोय.

४ मार्च २०१९ ला अहमदाबादेत पंतप्रधानांच्या हस्ते या कार्डाचा शुभारंभ झाला. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड. घोषणा होती 'वन नेशन, वन कार्ड'. मेट्रो, बस, टोल, पार्किंग, सगळीकडं एकच. कल्पना चांगलीच आहे, त्यात वाद नाही. गोम आत आहे. या कार्डाच्या चिपमध्ये एक वेगळं पाकीट असतं, २००० रुपयांपर्यंतचं. गेटवर पैसे कटतात ते त्या पाकिटातून, तुमच्या बँक खात्यातून नाही. नेट नसलं तरी गेट उघडावं म्हणून ही सोय. पण ते पाकीट भरायचं तर साधारण स्टेशनवरच्या मशीनला कार्ड लावावं लागतं. असलं मशीन आमच्याकडं मी तरी कुठं पाहिलेलं नाही. म्हणजे कार्ड देशाचं, पाकीट शहराचं.

आता गंमत बघा. तुमच्या-माझ्या बँकेच्या साध्या कार्डाला वायफायसारखी खूण असते. १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनं त्यावर ५००० रुपयांपर्यंत पिन न टाकता पैसे द्यायची मुभा दिली आहे. मॉलमध्ये पाच हजाराचे कपडे टेकवून घेता येतात, पण मेट्रोच्या गेटला तेच कार्ड वीस रुपयांसाठी चालत नाही. लंडनमध्ये बँकेचं कार्ड बसला २०१२ पासून आणि भुयारी रेल्वेला २०१४ पासून चालतं. परदेशातून आलेला पाहुणाही आपलंच कार्ड टेकवतो, आणि दिवसभरात ठराविक रकमेच्या वर त्याचे पैसे कटतच नाहीत. तिथं परक्या देशातला माणूस चालतो, इथं नांदेड जिल्ह्यातला चालत नाही! वर पुण्याच्या मेट्रोत कार्डवाल्याला १० टक्के सूट. रोजच्या प्रवाशाला सूट द्या, जरूर द्या. पण दोन दिवसांसाठी दवाखान्यात आलेल्यानं कागदी तिकीट काढलं म्हणून पूर्ण भाडं भरायचं?

आणि ज्या गाडीत अख्खा महाराष्ट्र बसतो त्या एसटीचं काय? २०१९ मध्येच ज्येष्ठांसाठी स्मार्ट कार्ड आलं होतं. म्हातारी माणसं अंगठे द्यायला डेपोत रांगा लावून बसली, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. नंतर कंडक्टर आधार बघूनच तिकीट देऊ लागला. त्यासाठी रांगेत घातलेल्या दिवसांचा हिशोब कुणी दिला? जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्के वाढलं, ११, २१ असली तिकिटं झाली आणि सुट्ट्या पैशांवरून गाडीगाडीत भांडणं लागली. शिव्या खाल्ल्या कंडक्टरनं. तो बिचारा काय टाकसाळ घेऊन फिरतो?

कुणी म्हणेल, पत्रकारसाहेब, यूपीआय आहे की. आहे. मीही वापरतो. पण खच्चून भरलेल्या गाडीत एका हातानं दांडी धरायची, दुसऱ्या हातानं क्यूआर स्कॅन करायचा आणि नरसीच्या पुढं रेंज गेली की "पेमेंट प्रोसेसिंग" बघत उभं राहायचं. बटणाच्या फोनवाल्या मावशीनं काय करायचं? खरं तर रेंज नसलेल्या रस्त्यासाठीच हे कार्ड बनलंय. त्याची गरज शहरापेक्षा आम्हाला जास्त होती.

येसगीचा पूल ओलांडला की बोधन, तेलंगणा. लेकीला भेटायला जाणाऱ्या आमच्या बाईला एसटीत अर्धं तिकीट फक्त हद्दीपर्यंत. तिकडच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या तेलंगणाच्या बाईला डिसेंबर २०२३ पासून तिकीटच नाही. सवलत ज्या त्या राज्याची, मान्य. निदान पूर्ण भाड्याचं कार्ड तरी मांजरेच्या दोन्ही काठांना चालू द्या, नाव 'एक देश' ठेवलंय ना?

मागणी लई मोठी नाही. हे कार्ड बिलोलीच्या डेपोत मिळावं, तिथंच भरता यावं, एसटीत चालावं, आणि तेच नेऊन पुण्यात टेकवता यावं. गाव सोडून आलेल्याला परत जाताना उरलेले पैसे रोख द्या, खिडकीवरच. आणि गेटला साधं बँकेचं कार्ड चालू करा. आमदार-खासदारांच्या पीएंना ही पोस्ट टॅग करतोय. वाढदिवसाच्या पोस्टला 'धन्यवाद' येतं, इथंही काहीतरी लिहा.

तोवर, कुणी शहराकडं जाणार असेल तर बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मला गाठा. कार्ड घेऊन जा, १४० रुपये फिरा, येताना कार्ड तेवढं परत आणा.